टीमचं नाव हॉर्नेट्स आणि जर्सी निळी: चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलाच्या बेसबॉल टीमचं नाव 'हॉर्नेट्स' ठरलं, लीगकडून आलेल्या जर्सी निघाल्या निळ्या, आणि आता निम्मे पालक हटून बसलेत की गांधीलमाशी म्हटल्यावर पिवळा-काळाच हवा. टीमचा युनिफॉर्म नावाशी जुळलाच पाहिजे का, असं तुम्ही विचारलंय.

माझ्या मते नाही. अपवाद एकच, नावातच रंग असेल तर. मग तो रंग पाळावा लागतो, आणि नाही पाळला तर लोक वर्षानुवर्षं टोमणे मारतात. मी शिकागोच्या उपनगरात राहतो. इथल्या दोन मोठ्या टीमपैकी एकीचं नावच पायमोज्यांवरून पडलंय, त्यामुळे हा विषय निघाला की आमच्या गल्लीत जेवणं थंड होतात.

मुळात बेसबॉलमध्ये हे सगळं उलटं घडलं. आधी कपडे आले, नाव मागून चिकटलं. १८६९ मध्ये सिनसिनाटीची टीम, म्हणजे खेळाडूंना उघडपणे पगार देणारी पहिली टीम, गुडघ्याशी संपणाऱ्या विजारी आणि त्याखाली लालभडक लांब मोजे घालून देशभर सामने खेळत फिरली. लोक तिला 'रेड स्टॉकिंग्ज' म्हणू लागले. त्या काळात टीमची नावं काही कुठे रजिस्टर होत नसत. वर्तमानपत्रवाल्यांना मथळ्यासाठी काहीतरी हवं असायचं आणि लांबून उठून दिसायचे ते मोजेच. १८८२ मध्ये तर नॅशनल लीगने कमाल केली. शर्टाचा रंग खेळाडूच्या जागेवरून ठरवला. पिचरचा एक रंग, कॅचरचा दुसरा, शॉर्टस्टॉपचा तिसरा, आणि तोही दोन्ही टीमना सारखाच. टीम ओळखायची ती मोज्यांवरून: बॉस्टनचे लाल, शिकागोचे पांढरे. मैदानावर रंगपंचमी झाली, आपला कोण आणि त्यांचा कोण हे खेळाडूंनाच कळेना, आणि सीझन संपायच्या आत तो प्रकार गुंडाळावा लागला.

'रेड सॉक्स' हे नाव पक्कं झालं त्याची गोष्टही मोज्यांचीच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बॉस्टनमध्ये दोन टीम होत्या. जुन्या टीमने १९०७ च्या सुमारास लाल मोजे सोडून दिले, कारण बुटाचा स्पाइक लागून पोटरी फाटली तर मोज्याचा रंग जखमेत उतरून विष होईल अशी धास्ती होती. पुढे त्यावर तोडगा निघाला: आत साधा पांढरा मोजा आणि त्यावर टाच-चवडा नसलेला, फक्त तळपायाखालून पट्टी जाणारा रंगीत मोजा. त्याला 'स्टिरप' म्हणतात, जुन्या फोटोंत पायावर पांढरा-रंगीत असा जो कमानीसारखा आकार दिसतो तो हाच. तर, जुन्या टीमने लाल टाकल्याबरोबर दुसऱ्या टीमचे मालक जॉन टेलर यांनी तो रंग उचलला आणि १९०८ पासून त्यांची टीम रेड सॉक्स झाली. नाव लोकांच्या डोक्यात बसावं म्हणून त्या वर्षी त्यांनी जर्सीच्या छातीवर चक्क एक मोठा लाल मोजा काढला आणि त्यात 'बॉस्टन' लिहिलं. नाव आणि युनिफॉर्म याहून जास्त जुळवता येणं अवघड आहे. तो मोजा एक सीझन टिकला. नंतरच्या जर्सीवर नुसती अक्षरं आली आणि कुणाचं काही अडलं नाही.

आज रेड सॉक्सचा सामना लावून बघा. बहुतेक खेळाडूंच्या पँट बुटापर्यंत लोळतात. ज्या मोज्यांवरून नाव पडलं ते मोजे दिसतच नाहीत! त्यातून एप्रिल २०२१ मध्ये याच टीमने पिवळी जर्सी आणि आकाशी टोपी घातली, बॉस्टन मॅरेथॉनच्या रंगांवरून. आधी भरपूर आरडाओरडा झाला. मग सप्टेंबरमध्ये पिवळ्यात लागोपाठ सामने जिंकायला लागले, तर खेळाडू ती जर्सी उतरवायलाच तयार होईनात. आणि ओरडणारे गप्प. माझ्या मते हे चाललं ते एवढ्याचसाठी, की हा सणाचा कपडा आहे, टीम पुन्हा लालवर येणार हे सगळ्यांना माहीत होतं.

कायमचा रंग सोडला की काय होतं ते टोरांटोने बघितलंय. ब्लू जेज (ब्लू जे हा निळा पक्षी) ही १९७७ ची टीम, नावातच निळा. २००४ मध्ये कुणाच्या तरी डोक्यात आलं की निळा जुना झाला, काळा आणि करडा चलतीत आहे. लोगोतून 'ब्लू' शब्द गेला, नुसतं 'जेज' राहिलं, टोप्या काळ्या झाल्या. आठ सीझन हे चाललं. २०१२ मध्ये निळा पक्षी आणि निळी टोपी दोन्ही मुकाट्याने परत आली. नावात निळा सांगायचा आणि अंगावर काळा घालायचा, हे काही पचलं नाही.

आमच्या व्हाइट सॉक्सनी त्याहून मोठा घोळ घातला होता. १९७१ ते १९७५ या टीमच्या जर्सीवर लाल पिनस्ट्राइप, म्हणजे बारीक उभ्या रेघा, टोपी लाल आणि मोजेसुद्धा लाल! पांढरे मोजे नाव लावून लाल मोजे घालणारी ही एकच टीम असावी. गंमत म्हणजे १९७२ मध्ये याच कपड्यांत त्यांच्या डिक ॲलनला अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून गौरवलं गेलं, त्यामुळे जुन्या लोकांना त्या लाल पट्ट्यांबद्दल माया आहे. १९७६ मध्ये नवे मालक बिल व्हीक यांनी गडद निळा-पांढरा आणला आणि ऑगस्टमध्ये खेळाडूंना अर्ध्या चड्डीत उतरवलं. बेसवर घसरत जायच्या खेळात उघडे गुडघे! तीन सामन्यांत ती हौस फिटली. आता १९९० पासून काळा-पांढरा चालू आहे आणि ती काळी टोपी बेसबॉलचा 'ब' माहीत नसलेली पोरंही जगभर घालून फिरतात.

मात्र हा नियम रंगापुरताच. नावात प्राणी, माणूस किंवा धंदा असेल तर युनिफॉर्मवर त्याची कसलीही जबाबदारी नाही. पिट्सबर्गच्या टीमचं नाव पायरेट्स, म्हणजे समुद्री चाचे. १८९१ मध्ये दुसऱ्या टीमचा खेळाडू पळवल्याचा आरोप झाला आणि त्यावरून हे नाव चिकटलं. त्यांचे रंग काळा-सोनेरी, आणि ते पिट्सबर्ग शहराच्या झेंड्यावरून घेतलेत. तिथली फुटबॉलची टीमही काळी-सोनेरी, आइस हॉकीचीही. १९७७ नंतरची काही वर्षं हे चाचे वर पिवळं खाली काळं, दुसऱ्या दिवशी वर काळं खाली पिवळं असे फिरवून फिरवून घालायचे. लोक त्यांना भुंगे म्हणायचे. १९७९ ची वर्ल्ड सीरिज, म्हणजे बेसबॉलची अंतिम लढत, त्याच कपड्यांत जिंकली. थोडक्यात, तुमच्या पालकांना हवा असलेला गांधीलमाशीचा युनिफॉर्म चाच्यांनी केव्हाच वापरून झालाय.

मिलवॉकी ब्रुअर्सची कथा तर मला फार आवडते. सिॲटल पायलट्स नावाची टीम १९६९ चा एकच सीझन खेळून दिवाळखोरीत गेली. कोर्टाने ती मिलवॉकीच्या लोकांना विकायला परवानगी दिली ३१ मार्च १९७० ला. पहिला सामना ७ एप्रिलला. टीमचं सामान भरलेले ट्रक युटामध्ये थांबून होते, पुढे उजवीकडे वळायचं की डावीकडे याचा निरोप येईपर्यंत. नवे मालक बड सेलिग यांना नेव्ही (गडद निळा) आणि लाल असे रंग करायचे होते, पण हातात एक आठवडा. मग काय, पायलट्सच्याच निळ्या-सोनेरी जर्सीवरची जुनी अक्षरं उसवली आणि त्या जागी 'ब्रुअर्स' शिवलं. जवळून पाहिलं की जुन्या शिवणीच्या खुणा दिसायच्या. बाह्यांवरच्या पट्ट्या कप्तानाच्या गणवेशासारख्या होत्या, त्याही तशाच राहिल्या. बिअर गाळणारे, आणि बाहीवर कप्तानाच्या पट्ट्या! पहिला सामना १२-० ने हरले तो काही शिवणीमुळे नाही. आणि घाईत गळ्यात पडलेला तो निळा-सोनेरी आज मिलवॉकीचा स्वतःचा रंग आहे.

नाव जसंच्या तसं कपड्यावर काढायला गेलं की बहुधा फसतं. ह्यूस्टनच्या टीमचं नाव सुरुवातीला पिस्तुलावरून 'कोल्ट फॉर्टी-फाइव्ह्ज' होतं, म्हणून छातीवर पिस्तूल आणि नळीतून निघणारा धूर. टीम १९६५ मध्ये ॲस्ट्रोज झाली तेव्हा ते गेलं. ॲरिझोनाच्या डायमंडबॅक्सनी (डायमंडबॅक ही सापाची जात) २०१६ मध्ये सापाच्या कातडीचं नक्षीकाम जर्सीच्या खांद्यांवर आणि पँटच्या खालच्या टोकाला छापलं. टीव्हीवर असं दिसायचं की सगळे चिखलातून चालून आलेत.

सेंट लुईस कार्डिनल्स मात्र या माझ्या म्हणण्याला छेद देतात, तेही सांगायला हवं. कार्डिनल म्हणजे एक लाल छटा, आणि एक लाल पक्षीही. त्यांचं नाव मुळात युनिफॉर्मवरच्या लाल छटेवरून आलं, पक्ष्याशी त्याचा संबंध नव्हता. पुढे टीमचे व्यवस्थापक ब्रँच रिकी एका चर्चच्या कार्यक्रमात गेले असताना टेबलावर कागदी लाल पक्ष्यांची सजावट त्यांना दिसली, आणि १९२२ पासून बॅटच्या दोन टोकांवर बसलेले दोन पक्षी जर्सीवर आले. १९५६ मध्ये ते काढून टाकले, पुढच्याच वर्षी परत आणावे लागले. एवढं सुंदर चित्र जमलं तर जरूर काढा. दर वेळी जमत नाही.

आता सॅन डिएगो पाद्रेज. यांचा तपकिरी रंग नावाशी पक्का जुळतो: १७६९ मध्ये तिथे फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी मिशन उभारलं, आणि बरोबर दोनशे वर्षांनी मेजर लीगमध्ये (बेसबॉलच्या सर्वोच्च पातळीवर) आलेल्या टीमने त्यांच्या झग्याचा तपकिरी घेतला, जोडीला मोहरीसारखा पिवळा. लोकांनी यथेच्छ चेष्टा केली, टॅको (मेक्सिकन खाद्यपदार्थ) म्हणाले. कंटाळून १९९१ पासून टीम नेव्हीवर गेली. पण नेव्ही कोण घालत नाही? यांकीज, टायगर्स, ब्रेव्हज, ट्विन्स, सगळेच. टीव्ही मध्येच लावला तर खेळतंय कोण ते कळायचं नाही. अनेक वर्षं चाहत्यांनी पिच्छा पुरवला तेव्हा २०२० मध्ये तपकिरी परत आला, आणि आता त्याच रंगाचं कौतुक होतं. पाद्र्यांच्या झग्याशी जुळतो म्हणून लोकांनी तो परत मागितला असं मला वाटत नाही. अख्ख्या लीगमध्ये तपकिरी दुसऱ्या कुणाकडे नाही, म्हणून मागितला. जर्सीने हेच काम करायचं असतं: शंभर यार्डांवरून बघितलं तरी आपली टीम कळली पाहिजे.

तुमच्या हट्टी पालकांसाठी शेवटचा पत्ता राखून ठेवलाय. अमेरिकेतली सगळ्यात प्रसिद्ध 'हॉर्नेट्स' टीम कुठली? बास्केटबॉलमधली शार्लटची. १९८८ मध्ये ती मैदानात आली ती मोरपिशी आणि जांभळ्या रंगात. पिवळ्या-काळ्याचा पत्ता नाही, आणि तरी नव्वदच्या दशकात त्यांची जॅकेट घातलेली पोरं गावोगाव दिसायची. निळी गांधीलमाशी खटकणाऱ्यांना मोरपिशी गांधीलमाशीचा फोटो पाठवा.

तेव्हा निळ्या जर्सी ठेवा. आधी लीगमध्ये अजून कुणाला निळा मिळालाय का ते विचारा, असेल तर खरी अडचण ती आहे. नसेल तर पिवळं काय करायचं ते टोपीवर करा, टोप्या जर्सीपेक्षा स्वस्त पडतात आणि बाहीवर गांधीलमाशीचा छोटा पॅच शिवता येतो. जो पैसा वाचेल तो पाठीवरच्या नंबरवर घाला: निळ्यावर पांढरा, जाड, मोठा. निळ्यावर काळा नंबर कुणी सुचवला तर ऐकू नका, स्कोअर लिहिणारा वैतागतो आणि आजी-आजोबांना आपला नातू सापडत नाही. आणि ऑर्डर अजून बदलता येत असेल तर सगळ्यांच्या जर्सी एक साइज मोठ्या मागवा, या वयाची मुलं आजच्या मापाच्या जर्सीत पुढच्या सीझनपर्यंत मावत नाहीत.