लांब समुद्रात जायला जुनी लाँग कीलची शिडाची बोट घ्यावी का? – उत्तर

घ्या. लांब जायचं असेल तर लाँग कीलच घ्या, म्हणजे तळाचा कणा बोटीच्या जवळपास पूर्ण लांबीभर असलेली.

तुम्ही लिहिलंय की कोचीत सत्तरच्या दशकातली ३२ फुटी फायबरची बोट बघितलीय, मालदीव आणि जमलं तर पुढं सेशेल्सपर्यंत जायचंय, आणि घरचे म्हणायलेत की बेळगावच्या माणसाला समुद्राचं काय कळतंय. हे शेवटचं वाचलं म्हणून लिहायला बसलो. मी पण बेळगावचाच, उद्यमबागेत मशीनिंगचं काम आहे माझं, आणि हेच वाक्य माझ्या दाजींच्या तोंडनं इतक्या वर्षांत किती वेळा ऐकलंय ते विचारू नका. दाजी वास्कोचे, टगवर नोकरी केलेले, त्यामुळं समुद्र त्यांच्या एकट्याच्या मालकीचा.

म्हादई नदी आमच्या खानापूर तालुक्यात उगवती. तिच्या नावाच्या बोटीतनं दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्यानं जगाला फेरी मारून आले, आणि ती बोट गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली, चोर्ला घाट उतरलं की आलंच की. मी हे सांगितलं की दाजींचं उत्तर ठरलेलं, "म्हादईला तरी कुठं लाँग कील आहे?" नाही, बरोबर आहे. पण ती ५६ फुटी बोट, मागं अख्खं नौदल. तुमच्या-माझ्या खिशातल्या बोटीशी बरोबरी करायची तर सुहेलीशी करा. मुंबईत सागवानात बांधलेली, ३२ फुटी, लांब कील, आणि रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ ला तिच्यातनं कुठंही न थांबता एकटे जगाला वळसा घालून आले. ती गोल्डन ग्लोब शर्यत होती, नऊजण निघाले होते, पोचली ती एकटी.

आता आमची बोट. दाजी आणि मी भागीदारीत घेतली, तुमच्यासारखीच कोचीतनं. त्यांना नव्वदच्या दशकातली रुंद, फिन कीलची (म्हणजे मधोमध पात्यासारखी आखूड कील), मागं दोन केबिनवाली पाहिजे होती, कारण बायकापोरांना घेऊन जाता येतंय आणि पळती जोरात. मी अडून बसलो. शेवटी पैसे माझे जास्त होते म्हणून माझं चाललं, पण मनातनं त्यांनी ते कधी मान्य केलं नाही.

मे महिन्यात कोचीहून गोव्याला आणायलो होतो. भटकळच्या पुढं आलो असू, किनारा तीस-चाळीस मैल लांब, संध्याकाळी नैऋत्येकडनं काळंकुट्ट आलं. दाजी म्हणाले होन्नावरात घुसूया. शरावतीच्या तोंडावर वाळूचा बार, म्हणजे पाण्याखालचा बांध आहे, तिथं मच्छिमारांच्या बोटी उलटतात हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं, तरी घाबरलेल्या माणसाला बंदर आठवलं की तिकडंच जावंसं वाटतंय. मी नको म्हटलं. मेनसेलला, म्हणजे मोठ्या शिडाला, तिसरा रीफ घातला (दुमडून लहान केलं), जिब म्हणजे पुढचं छोटं शीड उलट्या बाजूनं ताणून धरलं आणि टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, वाऱ्याखालच्या बाजूला ढकलून दोरीनं बांधून टाकला. हीव्ह-टू म्हणतात ते हेच. बोट एकदम शांत झाली हो. म्हणजे वारा तेवढाच, लाटा तेवढ्याच, पण ती नाक वाऱ्याला तिरकं धरून बसून राहिली, तासाला मैल-दीड मैल आडवी सरकायली, आणि सरकताना वाऱ्याच्या अंगाला पाण्याचा एक गुळगुळीत पट्टा सोडत होती, त्या पट्ट्यात येऊन लाटेचा फेस मोडायचा. मी खाली जाऊन चहा केला. पहाटे वारा पडला, शिडं सोडली, निघालो.

दाजी आजपण म्हणतात होन्नावरात गेलो असतो तर रात्रभर झोपलो असतो. कुठली पण फिन कीलवाली असं बसून दाखवतीय का विचारा त्यांना. काही बसतात, खोटं बोलणार नाही, पण बहुतेक हलक्या आणि रुंद बोटींचं नाक डावं-उजवं फिरत राहतंय.

आणि वेगाचं म्हणाल तर वॉटरलाईन, म्हणजे पाण्याला टेकलेली लांबी, २५ फूट असली की साडेसहा नॉटच्या आसपास मर्यादा येतीय, खाली कील कसली पण असू दे. वादळाच्या पुढं पळून जायच्या गप्पा ३२ फुटीत मारू नयेत. अजून एक, आपल्या किनाऱ्यावर रात्री जाळ्यांच्या दोऱ्या कुठं पसरल्यात ते दिसत नाही. लाँग कीलला रडर, म्हणजे सुकाणूचं पातं, कीलच्या मागच्या कडेलाच चिकटून आणि पंखा मधल्या खाचेत, त्यामुळं दोरी सहसा खालनं घसरून जाती. वेगळं लटकणारं रडर असलं की तिथंच अडकली.

बघायला जाल तेव्हा पॉलिश बघू नका. डेकवर हातोडीच्या मुठीनं टकटक करत फिरा, आवाज जिथं बसका येईल तिथं आतलं बाल्सा लाकूड कुजलेलं आहे, आणि ते काम हलच्या, म्हणजे बोटीच्या बाहेरच्या कवचाच्या, फोडांपेक्षा महागात जातंय. लोक ऑस्मोसिसचे (फायबरमध्ये पाणी मुरून येणारे) फोड बघून पळतात आणि डेक विसरतात. चेनप्लेट, म्हणजे डोलकाठीच्या तारा अडकवायची पट्टी, डेकमधनं आरपार जाती तिथं स्टेनलेस आतनं चिरतंय, वरनं काही दिसत नाही, एक तरी काढूनच बघायला लावा. डोलकाठीच्या तारा दहा-बारा वर्षांपेक्षा जुन्या असतील तर नव्या धरूनच हिशेब करा. सीकॉक, म्हणजे तळाच्या भोकांवरचे पितळी कॉक, चाकूनं खरवडा, खाली पिवळंधमक आलं तर ठीक, गुलाबी आलं तर त्यातलं जस्त निघून गेलंय, हाताच्या झटक्यानं तुटेल. धातूचं मला कुणी शिकवू नये. आमच्या रडरची खालची बिजागरी झिजलेली निघाली, ती मी इथल्याच ओळखीच्या माणसाकडनं गनमेटलमध्ये ओतून घेतली आणि स्वतः मशीनवर धरली, अजून तसूभर हललेली नाही. दाजी ती "बाहेरनं" मागवणार होते.

लाँग कीलला रिव्हर्समध्ये सुकाणू ऐकत नाही, हे दाजींचं म्हणणं खरं आहे. धक्क्याला लावताना त्रास होतो. हलक्या वाऱ्यात सुस्त, वाऱ्याच्या तोंडावर चढायला कमी, आत जागा कमी. आणि लाँग कील म्हणजे अमरपट्टा नव्हे. २०१८ च्या गोल्डन ग्लोबला अभिलाष टॉमींची गोव्यात बांधलेली थुरिया, सुहेलीचीच प्रतिकृती, लाटेत उलटून डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीला जबर लागलं. २०२२ च्या शर्यतीत एक लाँग कील बोट काही मिनिटांत बुडाली. पण त्याच शर्यतीत टॉमी परत उतरले, रस्टलर ३६ घेऊन, ती पण लाँग कीलच, आणि दुसरे आले.

हीव्ह-टू पण किनाऱ्यापासनं जागा असेल तरच. किनारा पाच मैलावर असताना असलं काही करू नका.

बोटीच्या किमतीएवढेच पैसे दुरुस्तीला बाजूला ठेवा. तेवढे नसतील तर २७ फुटी बघा, अल्बिन वेगासारखी, पण कील लांबच. आणि सौद्याच्या आधी बोट पाण्याबाहेर काढायला लावा, मालक नको म्हणाला तर तिथनंच परत फिरा.