आधी ड्रमर शोध

प्रिय मुला,

तुझी गाणी ऐकली. ‘यात ब्लूज किती ठेवू आणि रॉक किती?’ हा तुझा प्रश्नही वाचला. ड्रम तू लॅपटॉपवर बसवलेस, बेस मित्राने बंगळुरूहून पाठवला, सोलो रात्री बसून तुकड्यांनी जोडलास. अरे, माणसंच एकत्र वाजवत नाहीत, तर मिसळणार काय?

अमेरिकन ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉनचा ‘टेक्सस फ्लड’ अल्बम पुन्हा लाव. गिटार सोड, ती तुला पाठ आहे. ख्रिस लेटनचे ड्रम आणि टॉमी शॅननचा बेस ऐक. जुलै 1982 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या मॉन्त्रोच्या संगीत महोत्सवात काही प्रेक्षकांनी या तिघांची हुर्यो उडवली होती. पण तिथेच अमेरिकन गायक जॅक्सन ब्राउनने त्यांना ऐकलं आणि लॉस एंजेलिसमधला आपला स्टुडिओ फुकट देऊ केला. स्टुडिओ कसला, गोदाम. सिमेंटची जमीन आणि वर काही गालिचे. नोव्हेंबरात तिघांनी तिथे गोलात सामान मांडलं, एकमेकांकडे बघत क्लबात वाजवायचे तसं वाजवलं आणि तीन दिवसांत आटोपलं. डेमो, म्हणजे नमुन्याची टेप, होईल एवढीच अपेक्षा होती. जून 1983 मध्ये तोच अल्बम म्हणून बाजारात आला.

शीर्षकगीत लॅरी डेव्हिसचं, 1958 चं. ‘टेस्टिफाय’ आयझली ब्रदर्सचं. मूळ रेकॉर्डवर गिटार तरुण जिमी हेंड्रिक्सची, जो पुढे रॉकचा मोठा गिटारवादक झाला. म्हणजे ब्लूजही आहे आणि रॉककडे जाणारी वाटही. पण कुणी मोजून घातलंय असं वाटतं का तुला? एका खोलीत वाजवलं म्हणून ते एक झालं.

जाड तारा, अर्धा स्वर उतरवलेली स्ट्रॅट गिटार, हे सगळं तू जमवलंस. छान. ते दुकानात मिळतं. त्याच अल्बममधल्या ‘प्राइड अँड जॉय’चा शफल ठेका मात्र मिळत नाही. प्रत्येक मात्रेचे दोन भाग, पहिला लांब, दुसरा आखूड. किती आखूड, हे तिघांनी त्या क्षणी ठरवायचं. तबलजी गवयाच्या तोंडाकडे बघतो ना, तसं. कानात टकटक करून ताल देणाऱ्या क्लिक ट्रॅकला तोंड नसतं.

मला लोक हट्टी म्हणतात. म्हणोत. आमच्या बँडला एका स्टुडिओत वेगवेगळ्या काचेच्या खोल्यांत बसवलं आणि कानात टकटक सोडली. मी एका खोलीत वाजवू द्या म्हटलं, ते नाही म्हणाले. मी गिटार केसमध्ये घातली आणि निघालो. मग ड्रमर मस्कतला गेला, बेसवाला बँकेत लागला आणि आमची रेकॉर्ड झालीच नाही. याची खंत आहे, खोटं कशाला बोलू. पण तसली रेकॉर्ड घेऊन मी काय करणार होतो? (बायको म्हणते, निदान नातवंडांना ऐकवली असती. तिला ब्लूज आवडत नाही.)

तुझा हात चांगला आहे, म्हणून तर एवढा चिडतोय. सोलो पुन्हा पॉलिश करायला घेतलास, तर मला पाठवू नकोस. आधी ड्रमर शोध, अगदी लग्नाच्या बँडमधला चालेल, पण समोर बसणारा हवा. मित्राला दिवाळीत गावी येताना बेस आणायला सांग. एक खोली भाड्याने घ्या, अॅम्प जवळ ठेवा, ड्रमच्या माइकमध्ये गिटारचा आवाज घुसला तर घुसू दे. चुकलं तर पूर्ण गाणं पहिल्यापासून, तिघांनीही. जोडाजोडी नाही. भाड्याचे पैसे कमी पडले तर माझ्याकडे माग; संपादनाच्या नव्या सॉफ्टवेअरसाठी एक रुपया देणार नाही.