नाताळची मदत आणि बुधवारचा शांत तास

प्रश्न : बाई, प्रभूमध्ये सलाम. आमची मंडळी लहान, पंचवीस-तीस कुटुंबांची. दर नाताळात विधवा, म्हातारी माणसं, हातावर पोट असलेली घरं यांना आम्ही चर्चमध्ये किराण्याची पिशवी देतो. गेल्या वर्षीपासून मुंबईचे एक दाते पैसे पाठवतात आणि देतानाचे फोटो मागतात. तरुण संघालाही ग्रुपवर टाकायला फोटो हवे असतात. मला ते बघवत नाही, पण का, ते नीट सांगता येत नाही. दुसरं म्हणजे, पाळकसाहेबांनी बुधवारी संध्याकाळी तासभर चर्च उघडं ठेवायला सुरुवात केली आहे. गाणी नाहीत, संदेश नाही, नुसतं शांत बसायचं. मंडळीचा कारभार बघणारे काही पंच म्हणतात, रिकामं बसण्यापेक्षा तो तास गरिबांच्या कामाला लावा. आपलं मत कळवावं.
– एक भगिनी, राहुरी तालुका

उत्तर : ताई, सलाम. फोटो काढू नका, आणि बुधवारचा तास बंद करू नका.

तुम्हाला जे बघवत नाही ते मी जवळून पाहिलं आहे. एका गावी नाताळाआधीच्या रविवारी उपासना संपल्यावर वेदीपुढे टेबल मांडलं होतं, मागे बॅनर. एका आजींचं नाव पुकारलं. पिशवीच्या एका बंदाला आजींचा हात, दुसऱ्या बंदाला तिघा पंचांचे हात. फोटो नीट येईना म्हणून कुणीच पिशवी सोडेना. ‘आजी, इकडं बघा, जरा हसा.’ आजींनी पदर नाकापर्यंत ओढला आणि खाली बघत उभ्या राहिल्या. प्रभुभोजनाचं पांढरं कापड वर्षानुवर्षं त्याच धुऊन, इस्त्री करून आणत. त्यांचा नववीतला नातू गायकसंघात उभा होता. संध्याकाळपर्यंत फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर गेला, त्याच्या वर्गातल्या मुलांच्याही. त्यानंतर तो पोरगा गायनाला आला नाही. देणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. तरी त्या घराला तेल-साखर मिळाली आणि मान गेला.

उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, हे वचन तुमच्या पंचांना पाठ असणार, म्हणून मी बायबलातल्या रूथच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय काढते. रूथ ही परदेशी विधवा, सासूसोबत आलेली, शेतात सरवा वेचायला जाते. शेताचे कानेकोपरे कापू नयेत, सरवा, म्हणजे कापणीत खाली पडलेली कणसं, गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोडावा, हा नियम लेवीय पुस्तकात आहेच. शेताचा मालक बवाज त्याच्या पुढे जातो. गड्यांना सांगतो की, रूथला पेंढ्यांमध्येही वेचू द्या, तिला लाजवू नका. उलट पेंढ्यांतली थोडी कणसं मुद्दाम ओढून खाली टाका. रूथ दिवसभर वाकून वेचते, संध्याकाळी झोडपते, तेव्हा एफाभर (एफा हे धान्याचं जुनं माप) सातू निघतो. तो ती स्वतःच्या कष्टाचा म्हणून सासूकडे घेऊन जाते. बाजरी काढल्यावर सरवा वेचणाऱ्या बायका आपल्याकडेही अनेकांनी पाहिल्या आहेत. त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आपल्या मंडळ्यांना तर याची जाण जास्तच हवी. दुष्काळात धान्यासाठी बाटले, हा टोमणा आमच्या वडीलधाऱ्यांनी आयुष्यभर ऐकला. १९७२ साली सगळा जिल्हाच दुष्काळी कामावर खडी फोडत होता आणि मदतीत वाटलेली सुकडी खात होता, तरी बोलणारे आम्हालाच बोलत. घेतल्याची खूण कपाळावर घेऊन फिरणं काय असतं ते ज्या समाजाला ठाऊक आहे, त्याने दुसऱ्याच्या कपाळी ती लावू नये. म्हणूनच शेजारच्या ख्रिस्ती नसलेल्या घरालाही द्या, आणि देताना प्रार्थनेला येण्याची अट, सूचना, इशारा यातलं काहीही नको.

आता करायचं कसं. आमच्या मंडळीने पिशव्या बंद केल्या. गावातल्या किराणा दुकानदाराकडे प्रत्येक घराच्या नावावर रक्कम जमा करतो. ज्याचं त्याने आपल्या सवडीने जावं, इतर गिऱ्हाइकांसारखं उभं राहून हवं ते घ्यावं. पूर्वी पिशवीत गहू, मैदा, साखर ठरलेली असे. पहिल्याच वर्षी एका बाईंनी त्यातलं काही घेतलं नाही. त्यांनी बाजरी, गोडेतेल, अंगाचा साबण आणि मुलीसाठी दोन वह्या घेतल्या. नावं फक्त पाळक आणि खजिनदार या दोघांनाच माहीत. वार्षिक सभेत किती घरं आणि किती रुपये, एवढंच वाचायचं.

मुंबईच्या दात्यांना प्रेमाने लिहा की फोटो हा हिशेब नव्हे. त्यांचे पैसे पोचले की नाही हे कळण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. त्यासाठी पावती, दुकानाची बिलं आणि लेखापरीक्षकाने तपासलेला ताळेबंद पाठवा. तुमचं चर्च १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेलं असेल तर हिशेब ठेवणं आणि तपासून घेणं तुम्हाला बंधनकारकच आहे. तेच कागद त्यांना द्यायचे. एवढ्यावरही ते फोटोच मागत असतील तर ते पैसे सोडून द्यावेत असं मला मनापासून वाटतं. मिझोरामच्या मंडळ्यांत घरोघरी बायका प्रत्येक स्वयंपाकाला मूठभर तांदूळ बाजूला काढून चर्चला देतात. १९१० पासून हे चालू आहे. लहान मंडळीनेही हिंमत धरायला हरकत नाही.

बुधवारच्या तासाबद्दल पंचांना सांगा की यादीत न बसणारी गरज तिथेच दिसते. आमच्याकडे कांद्याचे भाव पडले त्या वर्षी एक शेतकरी दर बुधवारी यायचा. शेवटच्या बाकावर, टोपी मांडीवर, तास संपेपर्यंत हलायचा नाही. दोन एकर जमीन, पक्कं घर, म्हणजे मदतीच्या यादीत त्याचं नाव कधीच आलं नसतं. रविवारी तर तो सगळ्यांशी हसून बोलायचा. पाळकांनी विचारलं नाही, नुसते पलीकडच्या बाकावर बसत राहिले. बऱ्याच दिवसांनी तो आपणहून बोलला : मुलीची कॉलेजची फी थकली होती आणि दुकानदाराची उधारी डोक्यावर होती. बायबलातल्या एलीया संदेष्ट्याला देव वाऱ्यात, भूकंपात, अग्नीत भेटला नाही. त्यानंतरच्या मंद वाणीत भेटला. माणसाचं दुखणंही मोठ्या आवाजात ऐकू येत नाही.

त्या तासाला एकच पथ्य ठेवा : कुणी जवळ जाऊन ‘काय झालं?’ विचारायचं नाही. पंखा चालू, पाण्याचा माठ भरलेला, पाळक किंवा एखादी समजूतदार भगिनी मागे बसलेली, एवढं पुरे. पंचांनाही एका बुधवारी येऊन बसायला सांगा.

दुकानदाराशी मात्र नोव्हेंबरातच बोलून घ्या. नाताळच्या आठवड्यात त्याला नवी खाती लिहायला सवड नसते, आणि नावं मोठ्याने उच्चारायची नाहीत हे त्याला आणि त्याच्या नोकराला, दोघांनाही निवांत सांगावं लागतं.