गिटार येत असेल तर रेनेसान्सचं म्युझिक ल्यूटवर वाजवायला सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न असा आहे की क्लासिकल गिटार बऱ्यापैकी येते, पुण्यात राहता, १६०० च्या सुमाराचा इंग्लिश ल्यूटवादक-संगीतकार जॉन डाऊलंड ऐकून वेड लागलंय, तर आता सरळ ल्यूट (युरोपचं जुनं, गोल पोटाचं, गिटारसारखं छेडून वाजवायचं वाद्य) घ्यावा का आधी गिटारवरच करून बघावं, आणि गिटारवाल्याला यात नक्की अवघड काय जातं. मी इकडे इंग्लंडमध्ये ल्यूट वाजवते आणि गिटारवरूनच आलेय, त्यामुळे या वाटेबद्दल थोडं सविस्तर सांगते.

आधी गिटारवरच करा, पण गिटार जशी आहे तशी नको. तिसरी तार अर्ध्या स्वराने उतरवून एफ शार्पला आणा आणि तिसऱ्या फ्रेटवर (पडद्यावर) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारी चिमटी, लावा. आता खालून वर तारा जी, सी, एफ, ए, डी, जी अशा लागतील, म्हणजे सहा जोडांच्या (जोड म्हणजे शेजारी शेजारी लावलेल्या, एकत्र वाजणाऱ्या दोन तारा) रेनेसान्स ल्यूटचं ट्यूनिंग तुमच्या हातात आलं. एवढं केलं की कुणी गिटारसाठी पाचरेषांवर लिहून दिलेलं वाचायची गरजच उरत नाही, मूळ टॅब्लेचर (स्वरांऐवजी कुठल्या तारेवर कुठे बोट ठेवायचं ते दाखवणारं लेखन) समोर ठेवून वाजवता येतं आणि बोटं त्याच जागी पडतात जिथे त्या काळच्या वादकाची पडत होती. स्पेनमधला व्हिहुएला (गिटारच्या आकाराचं त्या काळचं वाद्य) पण याच अंतरांनी लागतो, त्यामुळे लुईस मिलान, नार्व्हाएझ हे त्याचे वादकही आपोआप तुमच्या आवाक्यात येतात.

टॅब्लेचरचं म्हणाल तर फ्रेंच पद्धत सगळ्यात सोपी. सहा रेषा, वरची रेष म्हणजे बारीक तार, ए म्हणजे मोकळी तार, बी म्हणजे पहिला फ्रेट, पुढे तसंच. डाऊलंड आणि बाकी इंग्लिश मंडळी यातच आहेत. इटालियनमध्ये अक्षरांऐवजी आकडे असतात आणि सगळं उलटं, बारीक तार सगळ्यात खाली. व्हेनिसमध्ये पेत्रुच्चीने १५०७ मध्ये स्पिनाचिनोचं पुस्तक छापलं, ल्यूटचं छापील म्युझिक तिथून सुरू होतं, ते या पद्धतीत आहे. जर्मन टॅब्लेचरमध्ये रेषाच नाहीत, प्रत्येक तारेवरच्या प्रत्येक जागेला वेगळी खूण. त्याच्या वाटेला सध्या जाऊ नका, पण हान्स नॉयसिडलरने १५३६ साली नवशिक्यांसाठी दिलेल्या छोट्या चिजा फार गोड आहेत, त्या कुणीतरी फ्रेंच टॅबमध्ये उतरवलेल्या मिळतात, त्या जरूर घ्या.

आता खरं अवघड काय ते. टॅब्लेचर तुम्हाला बोट कुठे ठेवायचं आणि तार कधी छेडायची ते सांगतं, स्वर किती वेळ धरायचा ते सांगतच नाही. वर जी लयीची खूण असते ती फक्त पुढचा आघात कधी येणार एवढंच दाखवते. त्यामुळे गिटारवाला काय करतो, टॅब वाचतो, बोट ठेवतो, वाजवतो, उचलतो, पुढचं बोट ठेवतो, आणि सगळं कसं तुटक तुटक कॉर्ड्ससारखं ऐकू येतं. आणि या म्युझिकचा जीव तर नेमका उलट्या गोष्टीत आहे. ल्यूटवाले पंधराव्या शतकाच्या शेवटीशेवटी नखी सोडून बोटांनी वाजवायला लागले ते कशासाठी, तर तीन-चार गळ्यांचं गाणं एकट्याने वाजवता यावं म्हणून. त्यांच्या पुस्तकांत अर्ध्याहून अधिक वेळा जोस्कँसारख्या संगीतकारांचं गायचं म्युझिकच ल्यूटवर उतरवलेलं दिसेल, मास आणि मोटेट (चर्चचं गायन), शांसाँ (फ्रेंच गाणी) असं सगळं.

यावर त्या काळच्या माणसानेच उपाय लिहून ठेवलाय. विन्चेन्झो कापिरोला म्हणून एक वादक होता, साधारण १५१७ च्या सुमाराला व्हेनिसमध्ये त्याच्या शिष्याने त्याच्या चिजांची वही केली. तिच्या सुरुवातीला सूचना आहेत आणि त्यातलं मोठं गुपित म्हणजे दुसऱ्या स्वरासाठी बोट हलवणं भागच पडेपर्यंत ते तारेवरून उचलायचं नाही. बस्स. हे एकच वाक्य भिंतीवर लिहून लावा. (त्या शिष्याने वहीच्या कडांना प्राणी-पक्षी रंगवले, का तर म्युझिक न कळणाऱ्याच्या हातात गेली तरी निदान चित्रांसाठी तो ती जपून ठेवेल. वही खरंच टिकली, आता शिकागोच्या न्यूबेरी लायब्ररीत आहे. मला हे फार आवडतं.)

प्रत्यक्षात कसं करायचं ते डाऊलंडच्या लाक्रिमे पव्हानवर (पव्हान म्हणजे संथ नाचाची चीज) सांगते, कारण तुम्हाला तेच वाजवायचं असणार. सुरुवातीला वरचा आवाज सा, कोमल नी, कोमल ध, प असा पायरी पायरीने उतरतो. आधी फक्त हा आवाज गा, सरगममध्ये गायलात तरी चालेल. मग ल्यूटवर फक्त खालचा बास वाजवा आणि वरचा गात रहा. मग मधला एक आवाज घ्या आणि बाकीचे सोडून द्या. असं केलं की कुठला स्वर पुढच्या स्वरापर्यंत धरून ठेवायला हवा ते कानच सांगतो आणि मग डाव्या हाताची फिंगरिंग त्याप्रमाणे बदलावी लागते, कधी सोपी जागा सोडून अवघड जागी बोट न्यावं लागतं. फार हळू चालतं हे काम, दोन ओळींत संध्याकाळ जाते, पण या म्युझिकचा रियाज म्हणजे माझ्या मते हाच, स्केल्स नाहीत. लाक्रिमे मात्र पहिल्याच महिन्यात घेऊ नका, त्याआधी दाल्झाचे नाच (१५०८) आणि नंतर फ्रान्चेस्को दा मिलानोच्या छोट्या फांतासिया (गाण्यावरून न उतरवलेल्या, वाद्यासाठीच रचलेल्या चिजा) घ्या. त्याला लोक 'इल दिव्हीनो' म्हणायचे, पोपच्या दरबारात होता, आणि त्याच्या दोन-तीन आवाजांच्या साध्या चिजांत सुद्धा एक स्वर फालतू नाही.

उजवा हात हा दुसरा भाग, आणि तो गिटारवर अर्धवटच शिकता येतो. ल्यूटवर करंगळी तबलीवर (वाद्याच्या वरच्या पातळ फळीवर) टेकलेली असते, हात तारांना जवळजवळ समांतर येतो, आणि भराभर जाणाऱ्या तानांमध्ये अंगठा तळहाताच्या आत जाऊन खाली मारतो, तर्जनी वर, अंगठा, तर्जनी, अंगठा, तर्जनी. अंगठ्याचा आघात वजनदार, तर्जनीचा हलका, त्यामुळे तान सपाट न जाता झुलत जाते. टॅबमध्ये अक्षराखाली टिंब दिसलं की तिथे तर्जनी. १६०० च्या आसपास अंगठा बाहेर ठेवायची पद्धत आली, ती गिटारच्या हाताला जवळची आहे, पण मी म्हणेन आधी आतला अंगठा शिका कारण मिलानोच्या वगैरे तानांना तोच शोभतो. आणि नखं. कापावी लागतील. जोडतारा असतात, दोन्हींवर बोटाचा मांसल भाग एकदम पडला पाहिजे, नखाने एकच तार लागते आणि टकटक आवाज येतो. गिटारचे कार्यक्रम करत असाल तर हा निर्णय नीट विचार करून घ्या.

एक गोष्ट तुम्हाला आपल्या कानामुळे लवकर कळेल. ल्यूटचे फ्रेट्स तातीचे (आतड्याच्या दोरीचे), मानेभोवती गाठ मारून बांधलेले, सतारीच्या पडद्यांसारखे सरकवता येतात. गिटारच्या फ्रेट्सवर मेजर थर्ड, म्हणजे आपला शुद्ध गंधार, तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा साधारण १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा लागतो. ल्यूटवाले फ्रेट सरकवून तो खाली आणतात आणि मग शेवटची कॉर्ड अशी काही शांत बसते की गिटारवर परत जावंसं वाटत नाही. अडचण एवढीच की फ्रेट सगळ्या तारांखालून आडवा जातो, एका तारेला जो सरकवलेला हवा तो दुसरीला नको असतो, विशेषतः पहिला फ्रेट. तेव्हा जी चीज वाजवायची तिच्या हिशोबाने तडजोड करायची.

वाद्य घ्यायचं झालं तर इकडच्या ल्यूट सोसायट्या सभासदांना भाड्याने देतात, पण पुण्याला त्याचा उपयोग नाही, तुम्हाला मागवावाच लागेल. किलोभराच्या आतबाहेर वजन, तबली जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाडीची, त्यामुळे त्यावर चुकूनही गिटारच्या तारा चढवू नका, ल्यूटच्या तारेला गिटारच्या तारेच्या निम्म्याहूनही कमी ताण असतो. खऱ्या तातीच्या तारा पुण्याच्या पावसाळ्यात दिवसातून दहा वेळा बेसूर होतील, सिंथेटिक घ्या, फ्रेट्स मात्र तातीचेच ठेवा. सहा जोडांचा घ्यायचा का आठ ते तुम्ही काय वाजवणार यावर. डाऊलंड हवाच असेल तर आठ, कारण त्याला खालचे जादा बास लागतात. पण मिलानो, दाल्झा, कापिरोला यांत मन रमलं तर सहाचाच घ्या, मान अरुंद असते, डाव्या हाताला बोटं धरून ठेवणं पुष्कळ सोपं जातं. म्हणून म्हणते, आधी काही महिने गिटारवर दोन्हीकडचं वाजवून बघा आणि मगच ऑर्डर द्या.