शेततळ्याचा कागद पूलमध्ये टाकू नका, आणि लायनरच्या आधी तळ बघा

तुम्ही विचारलंय की गिरणाऱ्याच्या मळ्यात जमिनीवर उभा केलेला पत्र्याचा 15 फुटी गोल पोहण्याचा पूल आहे, लायनर म्हणजे आतलं प्लास्टिकचं अस्तर तळाला फाटलाय, तर शेततळ्याचा 500 मायक्रॉनचा कागद टाकून भागेल का आणि हे काम घरच्या घरी होतं का. कागदाने भागणार नाही. काम मात्र घरी होतं, आम्ही केलंय, चार माणसं आणि वारा नसलेला दिवस पाहिजे.

आपल्याकडे दिंडोरी-निफाडला बागेगणिक शेततळं, त्यामुळे कागदाचा विचार येणारच. पण तो एचडीपीई नावाच्या कडक प्लास्टिकचा असतो, ताणत नाही. शेततळ्याच्या बाजू उताराच्या असतात म्हणून तिथे तो छान बसतो, पूलची भिंत उभी, तिथे खालच्या कोपऱ्यात घड्या पडतात आणि पाण्याचा दाब आला की घडीवरच चीर जाते. पूलचा लायनर पीव्हीसीचा, मापाने वेल्ड केलेली पिशवीच असते, जाडी जवळपास तेवढीच म्हणजे अर्धा मिलिमीटर, पण दाबाखाली थोडा ताणून पत्र्याला लागून बसतो. ऑर्डर देण्याआधी वरची पट्टी एका जागी उघडून बघा, लायनर भिंतीवरून बाहेर दुमडलेला आहे का आतल्या खाचेत अडकवलेला आहे, कारण दोन्हीचे लायनर वेगळे येतात. आणि फाटलेलं बोटभरच असेल नि बाकी लायनर मऊ असेल तर आधी पॅच मारून बघा, एवढा खटाटोप कशाला. कडक पडून जागोजागी चिरा गेल्या असतील तर मात्र बदलाच.

आता खरं काम, तळ. तुमच्याकडे काळी माती असेल तर ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तळ वरखाली होतो. जुना लायनर काढल्यावर सगळं उघडं पडेल तेव्हाच लेव्हल पाईपने लेव्हल बघून घ्या, खचलेल्या जागी मुरूम टाका, पाणी मारा, धुम्मसने ठोका, मग वर दोन इंच चाळलेली वाळू. क्रश सँड स्वस्त पडते म्हणून घेऊ नका, तिचा कण टोकदार असतो. वाळू दाबून झाली की अनवाणी पायाने सगळीकडे हळूहळू फिरा, डोळ्याला न दिसणारा खडा तळव्याला बरोबर लागतो. भिंतीच्या बुडाला आतून गोल सहा-आठ इंच उंच वाळूचा उतार दाबून करा, तो नसेल तर पाण्याच्या दाबाने लायनर पत्र्याखालून बाहेर ढकलला जातो.

आणि लव्हाळा! हा सगळ्यात वाईट. त्याचा कोंब सुईसारखा वर येतो आणि सरळ लायनर भेदतो, नुसतं उपटून उपयोग नाही, खालच्या गाठी खणून काढाव्या लागतात. वाळूवर जिओटेक्स्टाईलचं जाड कापड अंथरा, खड्यांपासून वाचवतं, पण लव्हाळ्याला तेही पुरत नाही म्हणून गाठी आधी काढाच.

पत्र्याला आतून गंज दिसला तर घासून रेड ऑक्साईड मारा, पूर्ण वाळू द्या, जोडाच्या नटबोल्टवर टेप लावा. रिकामा पूल वाऱ्यात उघडा ठेवू नका, पाणी नसलं की भिंतीला आधार राहत नाही आणि पत्रा मुडपतो.

दिवस नोव्हेंबर किंवा फेब्रुवारीचा धरा. लायनर थोडा वेळ उन्हात पसरला की मऊ होतो, मेच्या 40 डिग्रीत तो इतका सैल पडतो की जास्तच ताणला जातो आणि पावसाळ्यात तळ ओला, त्यामुळे ते दोन्ही टाळा. आत सोडताना ओढायचा नाही, चौघांनी उचलून न्यायचा. मग तळात इंचभर पाणी आलं की थांबा, आणि मधून बाहेरच्या बाजूला पायाने सुरकुत्या सरकवत न्या, कारण एकदा फूटभर पाणी चढलं की ती सुरकुती कायमची. व्हॅक्युम क्लीनर असेल तर स्किमरच्या (वरचं पाणी फिल्टरकडे ओढणाऱ्या तोंडाच्या) भोकातून लायनरमागची हवा ओढून घ्या, फार फरक पडतो.

15 फुटी पूलमध्ये साडेतीन फूट पाणी म्हणजे 17-18 हजार लिटर, टँकर मागवावाच लागेल. टँकरचा पाईप थेट तळावर सोडू देऊ नका, धारेने खालची वाळू उकरते. तोंडाखाली पाट्या किंवा गोणपाट ठेवा.

स्किमर आणि रिटर्नची (फिल्टरमधून पाणी परत येतं ती) भोकं सगळ्यात शेवटी, पाणी भोकाच्या दोन-तीन इंच खालपर्यंत चढलं की. आधी नवं गॅस्केट (गळती रोखणारी चपटी पट्टी) आणि फ्रेम स्क्रूने पक्की बसवायची, त्यानंतरच आतला लायनर ब्लेडने कापायचा, उलटं केलं तर लायनर सरकतो आणि भोक जागा सोडतं. जुनी गॅस्केट परत वापरू नका.

क्लोरीनची गोळी थेट पाण्यात टाकू नका, तळाला बसली तिथे लायनर पांढरा पडतो, तरंगत्या डब्यात ठेवा आणि पीएच 7.2 ते 7.6 मध्ये राखा. जुनं पाणी बागेला द्यायचं असेल तर क्लोरीन टाकणं बंद करून काही दिवस उन्हात राहू द्या, टेस्ट किटवर क्लोरीन शून्य दाखवलं की सोडा. वरच्या पट्टीचा फोटो इथे टाकलात तर लायनर कोणत्या प्रकारचा लागेल ते सांगतो.