कातडीचा ताठरपणा सोनोग्राफीने मोजता येतो का?

प्रश्न : माझ्या आईला स्क्लेरोडर्मा, म्हणजे कातडी जाड आणि ताठ होत जाण्याचा आजार आहे. दर तपासणीला डॉक्टर तिच्या बोटांची, हातांची, पोटाची कातडी चिमटीत धरून पाहतात आणि आकडे लिहून घेतात. मागच्या खेपेला डॉक्टर बदलले आणि आकडाही वाढला. आई म्हणते, कातडी होती तशीच आहे. सोनोग्राफीने हे नेमकं मोजता येतं असं ऐकलं. खरं आहे का?

उत्तर : मोजता येतं. पण आधी त्या चिमटीविषयी. तो अंदाजपंचे कारभार नाही. अंगावरच्या ठरलेल्या १७ जागा, प्रत्येकीला ० ते ३ गुण, म्हणजे जास्तीत जास्त ५१. याला सुधारित रॉडनन स्कोअर म्हणतात. अडचण एवढीच, की कातडी जाड झाली आहे, ताठ झाली आहे की खालच्या थराला चिकटली आहे, हे सगळं एकाच आकड्यात जमा होतं. शिवाय तपासणारा हात बदलला की गुण थोडे इकडेतिकडे होतात. त्यामुळे आईंचं म्हणणं खोडून काढायची घाई करू नका.

सोनोग्राफीत जाडी आणि ताठरपणा वेगवेगळे पाहता येतात. जाडीचं काम सोपं. अलेक्झांडर आणि मिलर यांनी १९७९ मध्येच ती ध्वनिस्पंदांनी मोजून दाखवली होती. पोटाच्या सोनोग्राफीचा प्रोब, म्हणजे अंगावर टेकवायचं हातातलं यंत्र, साधारण २ ते ५ मेगाहर्ट्‌झचा असतो; कातडीसाठी २०च्या आसपासचा घेतला, की एक-दोन मिलिमीटरच्या थराच्याही कडा स्वच्छ दिसतात.

ताठरपणाचं तसं नाही. नेहमीची ध्वनिलहर मऊ आणि ताठ कातडीतून जवळपास सारख्याच वेगाने जाते, सेकंदाला सुमारे १,५४० मीटर. तिच्याकडून फारसं कळत नाही. म्हणून मशीन कातडीला एक बारीकसा धक्का देतं आणि त्यातून आडवी पसरणारी थरथर, म्हणजे शिअर लहर, किती वेगाने जाते ते पाहतं. ही लहर सेकंदाला काही मीटरच जाते. तरी ३ मीटरच्या वेगाने एक सेंटिमीटर ओलांडायला तिला जेमतेम ३ मिलिसेकंद लागतात. सेकंदाला तीस-चाळीस चित्रं काढणाऱ्या मशीनच्या दोन चित्रांमध्येच ती निघून जाते. तिला पकडायला सेकंदाला हजारो चित्रं लागतात. ताठरपणा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणजे वेग दुप्पट झाला तर ताठरपणा चौपट.

आता माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं. प्रोब किंचित जरी दाबला तरी कातडी दबते आणि आकडा चढतो. मी जेलचा जाड थर देते आणि प्रोब त्यावर नुसता टेकवते. प्रोब आणि कातडी यांच्यामध्ये पडद्यावर जेलचा काळा पट्टा दिसत राहिला, तरच ते मोजमाप मी धरते. मूठ मिटली की हाताच्या पाठीची कातडी ताणली जाते, म्हणून बोटं सैल सोडायला सांगते. प्रोबची दिशाही नोंदवते. शरीररचनाशास्त्रज्ञ लँगर यांनी १८६१ मध्ये दाखवलं होतं, की मृतदेहाच्या कातडीला गोल भोक पाडलं तरी ते लांबट होतं; कातडीतला ताण सगळ्या दिशांना सारखा नसतो. लहरही एका दिशेने जोरात धावते, दुसरीकडे हळू.

शिवाय शिअर लहरीच्या लांबीच्या मानाने कातडी फार पातळ असते, त्यामुळे कागदावर छापून येणारे ताठरपणाचे आकडे (किलोपास्कल) दोन वेगळ्या मशीनांवर जुळतीलच असं नाही. आईंची तपासणी करायची तर दर वेळी तेच मशीन, तीच जागा, तीच बैठक आणि तीच दिशा असावी. एकाच जागेवर चार-पाच वेळा मोजून मधला आकडा घ्यावा.

एक मात्र डॉक्टरांना जरूर विचारा. या आजारात कातडी सुरुवातीला सुजून जाड होते आणि पुढे पातळ होऊनही ताठच राहू शकते. नुसती जाडी कमी झालेली पाहून सुधारणा झाली असं धरू नका, जाडी आणि ताठरपणा असे दोन्ही आकडे मागा. चिमटीची तपासणीही चालूच राहू द्या, जमलं तर त्याच डॉक्टरांकडून.