विमानतळाशेजारचं कोठार

प्रश्न : मुलाकडे लंडनला गेलो असताना हीथ्रोजवळच्या हार्मंड्सवर्थ गावात काळ्या फळ्यांचं लांबच लांब लाकडी घर दिसलं. चर्च होतं का ते? (एक वाचक, सातारा)

उत्तर : चर्च नाही हो, धान्याचं कोठार! पण तुमचं फारसं चुकलं नाही. कवी जॉन बेट्जमन त्याला मिडलसेक्सचं (लंडनलगतच्या जुन्या परगण्याचं) कॅथेड्रल, म्हणजे मोठं चर्चच म्हणायचे. विंचेस्टर कॉलेज या शाळेने 1426-27 च्या सुमारास आपल्या जहागिरीचं पीक ठेवायला ते बांधलं. लांबी सुमारे 58 मीटर, बारा खण. तीन मोठी दारं गाड्या आत घ्यायला; मळणीही तिथेच, कारण तिकडच्या पावसात उघड्यावर खळं कसं करणार?

मी सुताराचा मुलगा, त्यामुळे आत शिरल्यावर नजर आधी खांबांच्या पायाशी गेली. प्रत्येक ओकच्या खांबाखाली दगड. आपल्या वाड्यातला तळखडाच तो! ओल लाकडात चढू नये म्हणून. वर सांधे कुसांचे, म्हणजे एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या भोकात बसवलेले, त्यात लाकडी खुंट्या ठोकलेल्या.

शेतीसाठी ते 1970 च्या दशकापर्यंत वापरात होतं. पुढे हाल झाले. 2011 मध्ये जुन्या वास्तू जपणाऱ्या इंग्लिश हेरिटेज या संस्थेने विकत घेऊन डागडुजी केली. आता आत धान्य नाही, प्रेक्षक असतात. पुढच्या खेपेला उन्हाळ्यात, उघडं असेल तो रविवार विचारून जा.